गंज वेळेवर यावा म्हणून



बोलायला लागण्याआधी एक काम उरकून घेतो. या काचेच्या पेल्यात मी थर्मासमधलं गरम पाणी ओततोय. त्यात दोन चमचे साधं मीठ. आणि ही धातूची चकती, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी. हातात घेतली तर नाण्यापेक्षा बरीच हलकी लागते, वजन जेमतेम २ ग्रॅम. ही मिठाच्या पाण्यात टाकतो आणि पेला टेबलाच्या या कडेला ठेवतो. पुढच्या रांगेतल्यांना आत्ताच बुडबुडे दिसायला लागले असतील. तो हायड्रोजन आहे. सगळी चकती विरघळली तरी तो दोन लिटरच्या आतच निघेल, घाबरायचं कारण नाही. पण सरांच्या तसबिरीपुढची समई कुणीतरी जरा पलीकडे सरकवा. सर असते तर त्यांनी आधी समई हलवली असती आणि मग मला पाणी ओतू दिलं असतं.

त्यांचं नाव मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत आहे. मी आपलं ‘सर’च म्हणणार. वर्गात तरी कोण त्यांना नावाने हाक मारत होतं?

आजचा विषय काय, असं वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, “जमिनीखालच्या विहिरीत विरघळणारी अवजारं.” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी चाचरत विचारलं, “म्हणजे शेतीवर आहे का?” त्यांची चूक नाही. आपल्याकडे विहीर म्हटली की रहाट, मोटेचा थारोळा आणि पाणी किती परसांवर लागलं, हेच डोळ्यांपुढे येतं. माझं सगळं आयुष्य तेलाच्या विहिरींवर गेलं. निम्मं मुंबईच्या समुद्रात, निम्मं टेक्ससमध्ये. आणि शेवटची काही वर्षं ज्या कामात गेली ते काम सरांच्या एका धड्याच्या बरोबर उलट होतं.

सरांनी आम्हाला तीन परीक्षानळ्या दाखवल्या होत्या. तिन्हींत एकेक खिळा. एकीत साधं पाणी. दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि त्यावर तेलाचा थर. तिसरीत कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे हवा कोरडी. चार दिवसांनी पहिल्या नळीतला खिळा तांबूस झाला, उरलेले दोन तसेच. मग परीक्षेतला ठरलेला प्रश्न: लोखंड गंजू नये म्हणून कोणते उपाय कराल? रंग देणे, तेल लावणे, जस्ताचा मुलामा देणे. दोन गुण. मी नोकरीला लागलो तेव्हाही प्रश्न हाच होता, फक्त गुणांऐवजी पगार मिळायचा. आणि पन्नाशीत कुणीतरी माझ्यापुढे उलटा प्रश्न टाकला: धातूला गंज यावा, आणि ठरलेल्या दिवशी यावा, म्हणून कोणते उपाय कराल? इथे सरांनी मला थांबवलं असतं. “गंज फक्त लोखंडाला. बाकी धातूंचं होतं ते क्षरण.” बरोबर आहे. पण ‘क्षरण’ म्हणताना माझी जीभ अजून अडखळते, तेव्हा आजच्यापुरतं चालवून घ्या.

आता ती विहीर कशी असते ते सांगतो. पश्चिम टेक्ससमध्ये पर्मियन नावाचं खोरं आहे. तिथलं तेल शेल आणि तशाच घट्ट खडकांत अडकलेलं असतं. खडकात तेल आहे, पण एका छिद्रातून दुसऱ्या छिद्रात जायला वाट नाही. म्हणून विहीर आधी सरळ खाली अडीच-तीन किलोमीटर नेतात, मग हळूहळू वळवून त्या थरातूनच आडवी आणखी तीनेक किलोमीटर नेतात. आत पोलादी नळ. आतून किती रुंद? सुमारे १२ सेंटिमीटर, आमटीच्या वाटीहून थोडा मोठा. म्हणजे सहा किलोमीटर लांब आणि वाटीएवढ्या तोंडाचा नळ, आणि त्याच्या टोकाला काय चाललंय ते कुणालाही दिसत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. माझ्या धंद्यातली सगळी डोकेदुखी त्यातच आहे.

खडक फोडायचा तो पाण्याच्या दाबाने. पण तीन किलोमीटरचा खडक एका दमात फुटत नाही. पाणी जिथे सोपं वाटेल तिथेच घुसतं, बाकीचा थर तसाच राहतो. म्हणून टोकाकडून सुरुवात करून पन्नास-साठ मीटरचा एकेक टप्पा घ्यायचा. एक टप्पा फोडून झाला की त्याच्या अलीकडे नळात बूच बसवायचं. बूच हा आपला शब्द, तिकडे सगळे प्लग म्हणतात. तारेला बांधून तो पाण्याच्या लोटाबरोबर आत ढकलायचा, जागेवर पोहोचला की छोट्या स्फोटकाच्या जोराने फुलवायचा. त्याचे दात नळाच्या भिंतीत रुततात, मधलं रबर फुगून नळ बंद करतं. मग अलीकडच्या नळाला भोकं पाडायची, तार वर काढायची आणि वरून एक गोळा सोडायचा. तो जाऊन प्लगच्या तोंडात बसतो. आता पलीकडे पाणी जाणार नाही. पंप सुरू.

त्या प्लगवर काय भार येतो, याचा हिशेब मी नव्या पोरांना कागदावर करायला लावायचो. दोन्ही बाजूंच्या दाबात ५,००० पीएसआयचा, म्हणजे चौरस इंचाला ५,००० पौंडांचा, फरक धरा. एवढ्याशा नळाच्या तोंडावर सुमारे ४० टन. प्रवाशांनी खचाखच भरलेल्या अडीच एसटी गाड्या एका वाटीवर उभ्या केल्यासारखं. आणि हे दोन-तीन तास, वाळूमिश्रित पाण्याचा मारा सहन करत. मग पुढचा टप्पा, पुढचा प्लग. एका विहिरीत असे पन्नास.

सगळं फोडून झालं की हे पन्नास प्लग वाटेतून काढायला हवेत, नाहीतर तेल येणार कुठून? सुरुवातीला ते बिडाचे असायचे, नंतर काचतंतू आणि राळ यांचे आले, कुरतडायला सोपे. कुरतडायचं म्हणजे मोठ्या रिळावर गुंडाळलेली पोलादी नळी विहिरीत सोडायची, तिच्या टोकाला मोटर आणि दातेरी पाते. तिला कॉइल म्हणतात. आता ही कॉइल खाली सोडताना तिचं स्वतःचं वजन तिला ओढत नेतं, अडचण येत नाही. आडव्या भागात मात्र तिला मागून ढकलावं लागतं. पायजम्यात पिनेशिवाय नाडी घालून पाहिलीय कुणी? दोन बोटं पुढे जाते आणि मग आतल्या आत गोळा होते. कॉइलचं तेच होतं. नळात ती स्प्रिंगसारखी वेटोळी घेते, भिंतीला घासते, आणि एका टप्प्याला वरून कितीही ढकला, टोक पुढे सरकत नाही. टोकाकडचे आठ-दहा प्लग तसेच राहायचे. ज्या तेलासाठी एवढं लांब गेलो त्याच तेलाला बूच.

म्हणून विरघळणारा प्लग. काम होईपर्यंत ४० टन पेलायचे आणि मग कुणी न सांगता नाहीसं व्हायचं.

कल्पना काही आकाशातून पडलेली नव्हती. तेलवाल्यांचं आणि विरघळण्याचं नातं जुनं आहे. १८९६ साली हर्मन फ्राश यांनी चुनखडीच्या विहिरीत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून खडक विरघळवायचं पेटंट घेतलं. पण आम्ल खडकाबरोबर नळही खायचं, त्यामुळे ती पद्धत बरीच वर्षं अडगळीत पडली. १९३२ साली मिशिगनमधल्या मिडलँड गावच्या डाऊ केमिकलने आम्लात आर्सेनिकचं संयुग घालून पाहिलं. खडक विरघळला, नळ वाचला. मी स्वतः मुंबई हायमध्ये असताना हेच करत होतो. तिथला तेलाचा खडक चुनखडीचा. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्री रिगने तिथे तेल शोधलं, आणि पुढे आमची पिढी त्या चुनखडीला आम्ल पाजत बसली. तेव्हा काळजी एकच, आम्लाने लोखंडाला हात लावता कामा नये. सरांच्या दोन गुणांचंच उत्तर.

आणखी एक जुनी युक्ती सांगतो, आमच्या आईला फार आवडली असती. भेगांची तोंडं तात्पुरती बंद करायला पूर्वी विहिरीत नॅप्थलीन सोडायचे. होय, कपाटातल्या रेशमी साड्यांमध्ये ठेवतो त्याच डांबराच्या गोळ्या. पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. पाणी आत ढकलताना त्या वाट अडवतात, पुढे तेल यायला लागलं की आपोआप नाहीशा होतात. जाडं मीठही वापरलं जायचं. म्हणजे ‘कामापुरतं रहा आणि जा’ हे या धंद्याला नवं नाही. नवं आहे ते ४० टनांचं ओझं. डांबराच्या गोळीवर एसटी उभी राहत नाही.

तर असा धातू कुठला? मॅग्नेशियम. पोलादाच्या पाव वजनाचं, ताकदीला बऱ्यापैकी, आणि पाण्याशी पटकन वितुष्ट येणारं. त्यातून हायड्रोजन निघतो आणि मागे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड उरतं. या पेल्यात तळाशी जो पांढुरका-करडा गाळ साचायला लागलाय, तो पोटात जळजळ झाली की आपण घेतो त्या मिल्क ऑफ मॅग्नेशियाचा सख्खा भाऊ.

शुद्ध मॅग्नेशियम मात्र तसं सावकाश झिजतं. इथे मला ज्या गोष्टीची खरी मजा वाटते ती येते, म्हणून जरा रेंगाळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅग्नेशियमचं नाव फार वाईट होतं. ओलाव्यात टिकत नाही, भरवसा नाही. १९४२ साली हानावॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दोष मॅग्नेशियमचा नाही, त्यात मिसळलेल्या चिमूटभर लोखंडाचा, निकेलचा, तांब्याचा आहे. लोखंडाचं प्रमाण दहा लाखांत सुमारे १७० भाग ओलांडलं की झीज एकदम भडकते. निकेल तर त्याहून कितीतरी कमी प्रमाणात घात करतं. हे काम कुठे झालं? त्याच मिडलँडच्या डाऊ केमिकलमध्ये, जिथे दहा वर्षांपूर्वी आम्लापासून लोखंड वाचवलं होतं. जाता जाता, मी ज्या गावी राहिलो तेही मिडलँडच, पण टेक्ससमधलं. दोन्ही गावांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी आमची टपालं अधूनमधून तिकडे जायची.

निकेल घात कसा करतं? मॅग्नेशियमच्या अंगात निकेलचा बारीक कण म्हणजे एक छोटासा सेल. मॅग्नेशियम एक टोक, निकेल दुसरं टोक, मधे खारट पाणी. टॉर्चच्या सेलमध्ये जस्ताचं भांडं जसं आतून खाल्लं जातं तसं मॅग्नेशियम खाल्लं जातं. असे लाखो सेल एका तुकड्यात. म्हणून पुढची चार दशकं धातुशास्त्रज्ञांनी मॅग्नेशियममधून निकेल, तांबं, लोखंड निपटून काढण्यात घालवली. १९८० च्या दशकात फार शुद्ध मिश्रधातू बाजारात आले, मोटारींच्या भागांत ते सर्रास वापरले जाऊ लागले. आणि मग आम्ही तेलवाले आलो आणि म्हणालो, ती काढून टाकलेली खोट जरा परत घाला. मोजून घाला. जास्त घातली तर दोन दिवसांत जाईल, कमी घातली तर दोन महिने बसून राहील. ज्याने आयुष्यभर निकेल काढायचं काम केलं असेल त्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

२०१० नंतरच्या दशकात बेकर ह्यूजेस, श्लम्बर्जर अशा कंपन्यांनी आधी विरघळणारे गोळे आणले, मग अख्खे प्लग. दुसरीकडे जपानच्या कुरेहा कंपनीने पॉलिग्लायकोलिक अ‍ॅसिड नावाचं प्लास्टिक या कामाला आणलं. नाव ऐकून दचकू नका, तुमच्यापैकी अनेकांच्या अंगात ते जाऊन आलंय. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणतात ना, “टाके काढायला यायला नको, आतल्या आत विरघळतील”? १९७० च्या सुमारास आलेले पहिले कृत्रिम विरघळणारे टाके याच पदार्थाचे होते. पाणी त्याची साखळी हळूहळू तोडत जातं. शरीरात ३७ अंशांना काही आठवडे लागतात, विहिरीत ९० अंशांना बरंच लवकर उरकतं.

तापमानाचा विषय निघालाच आहे, तर आता खरी गोष्ट सांगतो. विरघळवणं सोपं आहे. अवघड आहे ते वेळ पाळणं.

खडक फोडताना आपण वरून थंड पाणी आत ढकलत असतो. तीन किलोमीटर खाली खडक ८० अंशांवर, पण नळ त्या पाण्याने गार झालेला. म्हणजे प्लगला जेव्हा टिकायचं असतं तेव्हा योगायोगाने गारवा असतो. पंप थांबला की खडक नळाला पुन्हा तापवतो आणि प्लग जायला लागतो. ऐकायला किती सुरेख! माझाही आधी असाच समज झाला होता. एका विहिरीवर मधल्या टप्प्याला प्लग बसवला, गोळा सोडला, आणि वर एक पंप बिघडला. सुटा भाग यायला दीड दिवस लागला. आम्ही वर चहा पीत बसलो, खाली घड्याळ चालूच होतं. दुरुस्तीनंतर पंप सुरू केला, पडद्यावर दाब चढला, चढला, आणि उतारावरून दगड सुटावा तसा खाली आला. प्लग गेला होता. त्या टप्प्याचं सगळं पाणी आणि वाळू आधीच फुटलेल्या खडकात गेली. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, “प्लगने काम चोख केलं, उशीर तुम्ही केलात.” त्याला उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

आणि याच्या उलटही होतं. मॅग्नेशियमवर हायड्रॉक्साइडचा थर बसतो. पाण्यात क्लोराइड, म्हणजे मीठ, असेल तर तो थर टिकत नाही. गोडं पाणी असेल तर तो थर पांघरुणासारखा अंगावर राहतो आणि आतला धातू निवांत पडून असतो. म्हणून मी इथे पेल्यात मीठ घातलं. आणि म्हणूनच ज्यांनी गोड्या पाण्याने काम केलं आणि वर मिठाचं पाणी पाठवायला विसरले, त्यांच्या कॉइलला महिन्याभराने जाऊन प्लग तसाच भेटला. कोठारातही हे धातू मोठे मिजासखोर. निर्वात पिशवीत, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या, श्रावणात आपण पापड ठेवतो तसे. ह्यूस्टनच्या दमट हवेत एका नव्या पोराने पिशवी फोडून प्लग उघड्या हाताने उचलला. दोन दिवसांनी त्या चकचकीत धातूवर त्याच्या चार बोटांचे आणि अंगठ्याचे करडे ठसे उमटले होते, रेषांसकट. घामात मीठ असतं. तो प्लग आम्ही विहिरीत घातला नाही, माझ्या टेबलावर ठेवला.

‘पूर्ण विरघळतो’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. विहिरीच्या तोंडाशी एक जाळीची पेटी असते, वर येणारा कचरा पकडायला. पहिल्या काही विहिरींनंतर ती उघडली तेव्हा आम्ही सगळे वाकून पाहत होतो. रबराच्या चिंध्या, बोटभर. आणि चिंचोक्याएवढी, काळी, गुळगुळीत सिरॅमिकची बटणं, मूठभर. मॅग्नेशियम मऊ असतं, पोलादी नळात दात रुतवायला ते पुरत नाही, म्हणून दातांच्या जागी अशी कडक बटणं बसवलेली असतात. ती कुठे विरघळणार? रबराचं तर आजही पूर्ण जमलेलं नाही. ताणलं जायला हवं, गरम पाण्यात तास न् तास दाब पेलायला हवं आणि नंतर विरघळायलाही हवं, या तीन गोष्टी एका पदार्थात आणणं फार कठीण. काही जणांनी रबर काढून टाकून धातूच्याच मऊ कड्या वापरल्या. माझं मत विचाराल तर धातूपेक्षा रबरावर मेहनत घेणाऱ्यांचं काम जास्त मोलाचं आहे, पण त्यांची नावं कुणाला माहीत नसतात.

गाळाचंही तसंच. मॅग्नेशियमचं हायड्रॉक्साइड झालं की आकारमान दीडपटीहून अधिक वाढतं. पाणी वाहतं असेल तर ते वाहून जातं. विहीर बंद ठेवली तर तळाला साचून चिकट चिखल होतो आणि तो चिखल काढायला पुन्हा कॉइल.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वेषात येतोच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्ती घरीच अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवायची युक्ती दिली. तिथेही बादलीच्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ उरतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट, जे खत म्हणून झाडांना चालतं. मी ही युक्ती घरी केली तेव्हा बायकोने विचारलं, “दोन दिवस म्हणतात, मग तिसऱ्या दिवशी सोंड अजून का दिसतेय?” मी बादलीत हात घालून पाहिला. ढवळायचं राहून गेलं होतं.

खडक दाबाने फोडण्याबद्दल तुमच्यापैकी काहींच्या मनात प्रश्न असतील. पाणी किती लागतं, परत येणाऱ्या खारट पाण्याचं काय करतात, ते खोल जिरवल्याने टेक्ससमध्ये जमीन हादरते ते बरोबर का. हे प्रश्न खरे आहेत आणि विरघळणाऱ्या प्लगने त्यातला एकही सुटत नाही. तो कॉइलचे दिवस वाचवतो, विहिरीवर माणसं कमी वेळ धोक्यात राहतात आणि टोकाकडचा थर वाया जात नाही. एवढंच त्याचं श्रेय. राजस्थानात बाडमेरच्या खोल वायूच्या विहिरींत टप्प्याटप्प्याने खडक फोडतात, तिथे त्याचा उपयोग आहे. मुंबई हायच्या चुनखडीला पन्नास टप्प्यांची गरज नाही, तिथे आमचं आम्लच बरं.

आता पेल्याकडे पाहू. तास होत आला. कार्यवाह, जरा चमचा द्या. ही बघा, कडा खाल्ल्या गेल्यात, मध्यभागी खड्डे पडलेत, पातळही झालीय, पण चकती आहे. बुडबुडे मात्र बरेच मंदावलेत. बोट लावून पाहतो. कोमट. मी तापमानावर एवढं बोललो आणि पेल्यावर झाकण ठेवायचं विसरलो. सरांनी एक गुण कापला असता.

थर्मासमध्ये अजून दोन पेले गरम पाणी आहे. ज्यांना घरी जायची घाई नाही त्यांनी थांबा. आणि समई अजून तिकडेच राहू द्या.